मोठ्यांनी हात लावू नये

आमच्या घरात चपलांच्या कपाटावर एक पत्र्याची पाटी टांगलेली आहे. पांढऱ्या रंगावर काळी, ठसठशीत अक्षरं: 'मोठ्यांनी हात लावू नये.' कुरिअरवाले ती वाचतात, पार्सल जमिनीवर ठेवतात आणि जरा मागे सरकून उभे राहतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा हळूच विचारलं होतं, घरात कुणाला काही झालंय का. मी नाही म्हटलं आणि पार्किंगचा विषय काढला. त्या पाटीमागे बाई आहेत, आणि बाई काही लिफ्टमध्ये उभ्याउभ्या सांगून होण्यासारख्या नव्हेत.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी झोपेत होतो. म्हणजे पायांवर उभा होतो, डोळेही उघडे होते, पण झोपेत होतो. तेव्हा मी ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळी करायचो. रात्रभर अमेरिकेतल्या लोकांचे रुसलेले प्रिंटर फोनवरून चालू करून द्यायचे आणि सकाळी घरी येऊन तीन वर्षांच्या मुलीच्या ताब्यात जायचं. बायकोची नोकरी दिवसाची. त्यामुळे सकाळची रेवा माझी आणि संध्याकाळची तिची, अशी आमची वाटणी होती. सकाळची रेवा म्हणजे काय हे ज्याने रात्रभर जागून पाहिलंय त्यालाच कळेल.

नेरूळमध्ये आमच्या घराजवळ एक छोटं संग्रहालय आहे. हे शहर व्हायच्या आधी इथे भात, मासळी आणि मीठ यांवर जगणारी गावं होती. त्या गावांतल्या मंडळींनीच ते उभं केलं. जमिनी गेल्या, कौलारू घरांच्या जागी चार-चार मजले चढले आणि जुन्या सामानाला फ्लॅटमध्ये जागा उरेना. मग ज्याने त्याने आपापल्या घरातलं तिथे आणून दिलं. वल्ही, जाळी, सुपं, टोपल्या, मिठागरात मीठ ओढायची लांब दांड्याची लाकडी फावडी, असं सगळं. दर मंगळवारी सकाळी तिथे शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी एक तास असतो, एका मुलामागे एक मोठं माणूस, असं मला खालच्या मजल्यावरच्या शकूआज्जींनी सांगितलं. त्या आपल्या नातवाला, सिद्धार्थला, तिथे न्यायच्या. मी मनात म्हटलं, तासभर मुलीला कुणीतरी खेळवेल, आपण कोपऱ्यात डुलकी काढू.

दारात हा तास घेणाऱ्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातांत मनगटापर्यंत पांढरे हातमोजे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कमरेत वाकून रेवाला म्हणाल्या, "या. आपलं नाव काय?"

"रेवा."

"या, रेवाबाई. बसा." आणि त्यांनी भिंतीशी मांडलेल्या पाटांपैकी एका पाटाकडे हात केला. रेवा बसली. तिच्यासमोर पितळेच्या छोट्या फुलपात्रात पाणी आलं. मग बाई सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "तू तिकडे. चटईवर. आणि तो मोबाइल त्या बांबूच्या रोवळीत टाक."

'तू' कोण हे बघायला मी मागे वळलो. मागे कुणी नव्हतं.

त्या खोलीची रीतच तशी होती. मुलांना 'अहो', मोठ्यांना 'अरे' आणि 'अगं'. मुलांना पाट, मोठ्यांना जमिनीवरची चटई. पाणी आधी मुलांना. वस्तूंना हात लावायचा तो मुलांनी. मोठ्यांना हवा असेल तर त्यांनी आपल्या मुलाची परवानगी काढायची. दारावर ती पाटी होतीच. मोठ्यांना बाई सहसा नावाने हाक मारत नसत. मी पहिल्या दिवसापासून 'ए रात्रपाळी' झालो. शकूआज्जी वयाने बाईंच्याच बरोबरीच्या, कदाचित थोड्या थोरल्याच, पण त्यांनाही सरळ "ए शकू, पाय आत घे" असं ऐकावं लागे. रिक्षात बसल्यावर शकूआज्जी मला म्हणायच्या, "आवं, माझ्या सासूनंबी मला कधी 'ए शकू' म्हटलं न्हवतं. ह्या बाईला काय बोलावं तेच कळंना झालंय." पण पुढच्या मंगळवारी त्याच सर्वांच्या आधी केस विंचरून तयार असायच्या.

पहिल्याच दिवशी मी गुन्हा केला. मुलांसमोर सुपात खडे मीठ ठेवलं होतं. रेवा नुसतीच बघत होती, बोट पुढे नेत होती आणि मागे घेत होती. मला राहवलं नाही. चटईवरून पुढे सरकलो, तिचा हात धरला आणि मिठात खुपसला. त्याबरोबर कानाशी घंटा वाजली. देवघरातली असते तशी छोटी पितळी घंटा बाई कमरेला खोचून ठेवत.

"तिला हात आहे की तुला?" बाईंनी विचारलं.

"नाही, ती घाबरत होती म्हणून..."

"ती घाबरत नव्हती. ती ठरवत होती. मोठी माणसं हात लावत नाहीत रे, ताबा घेतात. पुढच्या मंगळवारी बाहेर."

बाहेर म्हणजे खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये. तिथे एक वेगळी, जुनी, कडेला उसवलेली चटई होती. चूक आज केली तरी शिक्षा पुढच्या मंगळवारी, कारण बाईंच्या मते मोठ्या माणसाला आपली चूक समजायला आठवडा लागतोच. त्या चटईवर बसून राहायचं. आतून एखादं मूल फुलपात्रात पाणी घेऊन येईल आणि 'आत या' म्हणेल तेव्हाच आत जायचं. मुलाला कुणी आठवण करायची नाही. माझी रेवा मला तासभर विसरली होती. मला तिथे छान डुलकी लागली, हे मी बाईंना कधी कळू दिलं नाही.

लोक हे सगळं ऐकून का घेत, असं कुणी विचारेल. मीही स्वतःला विचारायचो. सीवूड्सच्या मोठमोठ्या टॉवरांतल्या आया, ज्या वॉचमनला इंग्रजीत झापतात, त्या तिथे मुकाट पॅसेजमध्ये बसलेल्या मी पाहिल्यात. कारण एवढंच, की घरी पोरं बुधवारपासूनच "मंगळवार कधी?" म्हणून डोकं खायची. रेवाला वार शिकवावे लागलेच नाहीत. तिच्या आठवड्यात मंगळवार आणि 'मंगळवार नाही' असे दोनच वार होते.

तासात काय असे? सांगायला गेलं तर काहीच नाही. एका मंगळवारी एक वस्तू. टोपली असेल तर टोपली. आधी लांबून बघायची. मग बाई म्हणत, "डोळ्यांनी बघून झालं? आता हातांनी बघा." मुलं टोपली डोक्यावर घालत, तिच्यात बसत, तिच्यातून पाणी ओतून ते पायांवर कसं पडतं ते बघत. वस्तू जुनी असली की बाई आधी सांगत, "हळू. म्हातारं आहे ते." एवढीच सूचना. 'नको' हा शब्द तिथे मोठ्यांनी उच्चारायचा नसे, त्याचीही शिक्षा बाहेरची चटई. आणि शेवटी, जायच्या आधी, सगळ्या मुलांनी हात पुढे करायचे. बाई एकेका पाटासमोर जाऊन वाकत आणि म्हणत, "घ्या वास. कशाचा?" मुलं आपापले तळवे नाकाला लावत. कुणी म्हणे लोखंडाचा, कुणी म्हणे पावसाचा, सिद्धार्थ नेहमी म्हणे भाकरीचा. बाई प्रत्येक उत्तराला गंभीरपणे मान डोलावत. स्वतः मात्र हातमोजे घालून उभ्या. त्यांच्या हातांना साबणाचाच वास येत असणार.

ते हातमोजे हे एक प्रकरणच होतं. बाईंची सगळी नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात गेली. तिथे त्या वस्तू जपण्याच्या खात्यात होत्या आणि 'हात लावू नये'च्या पाट्या त्यांच्याच हाताखालून रंगून जात. हातमोज्यांशिवाय कशालाही शिवायचं नाही हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं, की रविवारी भाजीबाजारातही त्या पिशवीतून हातमोजे काढून घालत आणि मग वांगी निवडत. मी एकदा मागेच उभा होतो. भाजीवाला म्हणाला, "काय बाई, ऑपरेशन करताय का वांग्याचं?" बाई म्हणाल्या, "तू याला एवढं दाबून बघतोस, तुला कुणी असं दाबून बघितलं तर?" भाजीवाल्याने गुपचूप वजन केलं.

माझा फोन त्या रोवळीत एकदा सारखा वाजत होता. आमच्या टीम लीडरचा. बाईंनी हातमोज्यातल्या दोन बोटांनी तो उचलला. मोज्यातल्या बोटाला फोन दाद देईना, म्हणून रेवाच्या बोटाने तो चालू करून घेतला आणि म्हणाल्या, "तो चटईवर बसलाय. सोडला की कळवते." रात्री कामावर गेलो तर टीम लीडर मला जरा सांभाळूनच बोलत होता. मी पोलिसात अडकलो होतो अशी त्याची समजूत झाली होती, आणि ती मी दूर केली नाही. त्या महिन्यात मला कुणी जादा काम सांगितलं नाही.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं. तास संपला होता, रेवा झोपून गेली होती आणि बाहेर रिक्षा मिळत नव्हती. "बाई, पोरांना सगळ्याला हात लावायला सांगता, मग तुमचे हातमोजे कशाला?"

बाई फुलपात्रं पुसत होत्या. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही.

"रिटायर झाले तेव्हा निरोपाचा कार्यक्रम केला त्यांनी," त्या म्हणाल्या. "एका शिकाऊ मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही एवढ्या वस्तू हाताळल्यात, सगळ्यात छान कुठली लागली हाताला? मला काही सांगताच येईना. सगळं आयुष्य वस्तूंत काढलं रे मी. त्यातली एकही हाताला कशी लागते ते मला ठाऊक नाही. तेव्हा ठरवलं, निदान पोरांना तरी ठाऊक असावं."

"आणि तुम्हाला?"

"मी बघितलं करून. हात धजत नाहीत आता." मग लगेच आवाज चढवून म्हणाल्या, "तुझी रिक्षा आली बघ. मुलीची मान नीट धर."

तशी बाईंना हळवेपणाची चीड होती. मूल सहा वर्षांचं झालं की त्याचा पाट जात असे. त्या मंगळवारी बाई त्याला चटईवर बसवून सांगत, "आजपासून तू मोठी. तुझं 'अहो' संपलं. आता काही हवं असेल तर लहानांना विचारायचं." पोरं धाय मोकलून रडत. बाई तेवढ्या वेळात भिंतीकडे तोंड करून सुपं लावत बसत, आणि सुपं लावायला इतका वेळ लागत नाही हे आम्हाला सगळ्यांना कळत असे. रेवा सहाची झाली तेव्हा बाई संग्रहालय सोडून रत्नागिरीला बहिणीकडे राहायला निघाल्याच होत्या. त्यांनी दारावरची पाटी स्वतः उतरवली आणि रेवाच्या हातात दिली. "तुला हळूहळू लागेल ही," म्हणाल्या. तीच पाटी चपलांच्या कपाटावर आहे. पण हे झालं खूप नंतरचं. त्याआधी ती खोली जवळजवळ हातची गेलीच होती, आणि ते सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या व्हायच्या नाहीत.

खोलीच्या मधोमध, छताच्या वाशाला एक भलीमोठी तागडी टांगलेली होती. मिठागरात मिठाच्या गोणी तोलायची. लाकडी दांडी, दोन्ही टोकांना दोरांनी बांधलेली फळ्यांची पारडी, जमिनीपासून वीतभर वर. नवं मूल आलं की त्याला पहिल्या दिवशी पाट मिळे, पाणी मिळे आणि मग त्याला तोललं जाई. मूल एका पारड्यात बसायचं आणि बाकीची मुलं दुसऱ्या पारड्यात मिठाच्या छोट्या पिशव्या टाकत जायची. दांडी आडवी झाली की बाई जाहीर करत, "रेवाबाई, आपण एवढं मीठ आहात!" आणि सगळे टाळ्या वाजवत. आमच्या घरी रेवाच्या जन्माचे फोटो आहेत, बारशाचे आहेत, पण तिला विचाराल तर ती सांगेल, "मी एवढं मीठ होते."

एका मंगळवारी सिद्धार्थने हट्ट धरला, मला परत तोला. बाईंनी मानलं. तो बसला आणि पारड्याचा दोर तुटला. वीतभर उंचीवरून सिद्धार्थ बुडावर आपटला, समोरची मिठाची पिशवी फुटली, खोलीभर मीठ झालं. मग सिद्धार्थ ओरडला, "परत!"

पण त्या दिवशी एका नव्या आईने दोन मोबाइल आणले होते. एक रोवळीत टाकला होता आणि दुसरा ओढणीखाली चालू होता. तिचा व्हिडिओ 'परत!'च्या जरासा आधी संपत होता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. शकूआज्जी जिन्यात ज्याला त्याला अडवून सांगत होत्या, "आवं, खाटावरनं ह्याच्याहून उंचावरनं पडतंय की लेकरू रोज! त्याचा नाय कुणी पिच्चर काढला!" पण ग्रुपवर शकूआज्जी नव्हत्या.

संग्रहालयाचा मॅनेजर होता कुणाल. तरुण, नीटनेटका, वाईट मुळीच नव्हे. त्याने पुढच्या मंगळवारी आम्हा सगळ्यांसमोर बाईंना सांगितलं, "बाई, आता रिस्क नको. सगळ्या वस्तू काचेत जातील आणि इथे मोठी स्क्रीन बसेल. मुलांना टचच करायचंय ना? स्क्रीनला करतील. एकदम इंटरॅक्टिव्ह."

"स्क्रीनचा वास कशाचा येतो?" बाईंनी विचारलं.

कुणाल म्हणाला, "अध्यक्ष स्वतः येतायत बघायला, पुढच्या मंगळवारी. ते ठरवतील. फक्त प्लीज बाई, त्यांना 'अरे' म्हणू नका."

अध्यक्षांना सगळे दादा म्हणत. इथल्याच एका जुन्या गावचे पुढारी. कडक पांढरे कपडे, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, आणि ते येणार म्हटलं की त्यांच्याआधी दोन गाड्या येत. त्यांना चटईवर बसवून 'मोबाइल रोवळीत टाक' म्हणणं म्हणजे संपलंच. आम्ही सगळ्यांनी बाईंना धरलं. पुढाकार माझा होता, कारण दहा-बारा मोठ्या माणसांत फोनवर चिडलेल्या लोकांना समजावायचा अनुभव मलाच होता. मी म्हटलं, "बाई, एक दिवस. खुर्ची राहू दे, तुम्हाला चालत नाही. पण त्यांना पाट द्या, पाणी आधी द्या, दोन शब्द 'अहो' म्हणा. खोली राहील."

बाईंनी खोलीकडे पाहिलं. तागडीचं एक पारडं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, दांडी एका बाजूला कलली होती.

"बरं," त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

दादा आले. बाई दारात होत्या. "या, दादासाहेब. बसा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीशी मांडलेला एक पाट दाखवला. दादा जरा चकित झाले, पण धोतराची सवय असलेल्या माणसासारखे अलगद खाली बसले. बाईंनी फुलपात्रात पाणी आणलं आणि सगळ्या मुलांच्या आधी त्यांच्यासमोर ठेवलं. ठेवताना पाणी पाटावर सांडलं. मला खाली बघावंसं वाटलं. कुणालने मात्र समाधानाने माझ्याकडे पाहून मान हलवली.

आम्ही मोठ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त मुलांचा नव्हता केला. पाट मिळाला, पाणी मिळालं, 'या, बसा' झालं. त्या खोलीत याचा अर्थ एकच होता. मुलांनी दादांकडे पाहिलं आणि ओळखलं, नवीन आलेत हे.

पहिली उठली ती आमची कन्या. ती दादांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं नाव काय?"

दादांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"चला, तुम्हाला तोलायचंय."

सिद्धार्थने त्यांचं एक बोट पकडलं आणि ओढायला सुरुवात केली. रेवा त्याच्यावर ओरडली, "हळू! म्हातारे आहेत ते." कुणाल पुढे धावला आणि दादांचा हात सोडवायला गेला, तर बाईंच्या कमरेची घंटा वाजली. ती त्यांनी मुद्दाम वाजवली की सवयीने वाजली, मला माहीत नाही. कुणाल जागीच थांबला. दादा उठले आणि पोरांच्या मागोमाग गेले.

तागडीपाशी गेल्यावर मुलांच्या लक्षात आलं, पारडं तर तुटलेलं. आता नव्याला काय सांगायचं? रेवाने दादांच्या सदऱ्याचं टोक धरलं. "दोर तुटलाय," ती म्हणाली. "तुमच्यामुळे नाही तुटला. रडू नका हं."

भिंतीला टेकवलेल्या पारड्यासमोर दादा उकिडवे बसले आणि त्यांनी त्या फळीवर तळहात ठेवला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "आमचीच हाय ही तागडी. आमचे मिठागरानची. माजे बापान मना याचमदी बसवला व्हता. गोनीसारखा." आणि रेवाला विचारलं, "मी किती मीठ व्हतो, काय म्हाईत."

"खूप," रेवा म्हणाली.

कुणालने बाहेर गाडीपाशी विचारलं, दादा, काचेचं काम सुरू करायचं का? दादा म्हणाले, "मंगलवारी येतो. तवा सांगीन." गाड्या गेल्या. मी खोलीत आलो तर बाई सांडलेलं पाणी पुसत होत्या.

"छान झालं की हो बाई," मी म्हटलं.

"काय छान झालं? मी घाबरले रे," बाई म्हणाल्या. "खोली जाईल म्हणून घाबरले आणि एका मोठ्या माणसाला पोरांच्या आधी पाणी दिलं. पोरं बघत होती."

तो आठवडा मला बरा गेला नाही. रेवा रोज विचारायची, नवीन आजोबांना तोलणार का. मी म्हणायचो, बघू. खरं तर त्या मंगळवारी तिथे काच लागणार की काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लागली असती तर रेवाला काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं.

मंगळवारी गेलो तर खोलीचं दार उघडं, मुलं आत आपापल्या पाटांवर, आणि पॅसेजमधल्या त्या उसवलेल्या चटईवर बाई बसलेल्या. पाठ ताठ, मांडी घातलेली. हातमोजे काढून, नीट घडी घालून शेजारी ठेवलेले. त्यांचे हात मी पहिल्यांदा पाहिले. चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, पण हात अगदी कोवळे होते, लहान मुलीचे असावेत तसे.

"बाई, हे काय? आत चला," मी म्हटलं.

"शिक्षा आहे."

"कुणी दिली?"

"इथे शिक्षा देणारं दुसरं कोण आहे?"

शकूआज्जींनी समजावून पाहिलं, कुणालने हात जोडून पाहिलं. "बाई, दादा पोचतायत, ते तुम्हाला असं बाहेर बघतील तर काय वाटेल?" बाई हलल्या नाहीत. शेवटी शकूआज्जी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तिचा कायदा हाय, तिला पाळू द्या," आणि त्या आत गेल्या.

या वेळी दादांच्या आधी गाड्या आल्या नाहीत. ते एकटेच जिना चढून आले, हातात एक जड पिशवी. पॅसेजमध्ये बाईंना बघून थांबले. "बाई, तुमी भायेर का?"

"मोठ्या माणसाला पाट दिला मी. भीतीने दिला," बाई म्हणाल्या. "म्हणून."

दादांनी थोडा विचार केला. "मंग पाटावर तं मीच बसलो व्हतो."

"हो," बाई म्हणाल्या. "चूक तुझीही आहे."

कुणालने डोळे मिटून घेतले. दादांनी पायांतल्या चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट लावल्या आणि आपल्या कडक पांढऱ्या कपड्यांसकट बाईंच्या शेजारी त्या चटईवर बसले. खिशातला मोबाइल काढून त्यांनी कुणालच्या हातात दिला. मग पिशवी उघडली. आत दोराचं भेंडोळं होतं, दोर मनगटाएवढा जाड नसेल, पण बघूनच भरवसा वाटावा असा.

"मोऱ्याचे बंदराशी आनलाय," ते म्हणाले. "होरीचा दोर हाय. आख्खी होरी धरून ठेवतो. ह्यो नाय तुटनार."

कुणाल म्हणाला, "दादा, पण ते काचेचं..."

"काचेत ठेवायचे तागडीला दोर कशाला लागल रे?" दादा म्हणाले.

कुणालला ते कळायला जरा वेळ लागला. मला लगेच कळलं, आणि बाईंनाही. त्यांची ताठ पाठ एकदम सैल पडली. दादांनी दोराचं एक टोक त्यांच्यापुढे केलं, "बगा हात लावून." बाईंचा हात पुढे झाला, मग थबकला आणि शेजारच्या हातमोज्यांकडे वळला.

तेवढ्यात आतून रेवा आली. दोन्ही हातांत दोन फुलपात्रं, निम्मं पाणी वाटेत सांडलेलं. तिला कुणी आठवण केली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. एक तिने दादांना दिलं, एक बाईंना, आणि म्हणाली, "आत या." मग ती बाईंच्या हातांकडे बघतच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला पण हात आहेत!"

रेवाने दोराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मला वाटलं ती आता त्यांचा हात धरून दोरावर ठेवणार. पण ती त्या खोलीत शिकलेली होती. तिने हात मागे घेतले आणि वाट बघत उभी राहिली. बाई ठरवत होत्या.

मग त्यांनी दोर धरला. आधी बोटांनी, मग दोन्ही तळव्यांनी. त्यावरून पुढे हात फिरवत नेला, पीळ चाचपत मागे आणला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"घ्या वास," रेवा म्हणाली. "कशाचा?"

बाईंनी तळवे नाकाशी नेले.

"डिझेलचा," त्या म्हणाल्या, "आणि सुक्या बोंबलाचा."

दादा खो खो हसले, आम्ही सगळे हसलो. रेवाने गंभीरपणे मान डोलावली. बाईंनी मात्र ते तळवे चेहऱ्यावर तसेच धरून ठेवले. आतून पोरं हाका मारू लागली, तरी त्यांनी ते काढले नाहीत.